काळी भाकरी

सह्याद्रीच्या रांगांत कळसूबाईचे शिखर मोठ्या दिमाखाने उभे आहे. महाराष्ट्रातील हे सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १,६४६ मीटर. या शिखराच्या कुशीत वसलेला अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला येतो. २०२४ पर्यंत या जिल्ह्याला अहमदनगर म्हणत. विस्ताराने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्यामुळे त्याच्या दोन टोकांची जणू एकमेकांशी ओळखच नाही. पश्चिमेला घाटघर, रतनवाडीकडे आषाढ-श्रावणात पाऊस असा कोसळतो, की कित्येक दिवस सूर्यदर्शन घडत नाही. पूर्वेला पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे त्याच दिवसांत शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पाऊस जसा तसे पीक, आणि पीक जसे तसे ताट. पूर्वेच्या ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी आणि हुलगा. पश्चिमेच्या डोंगरात भात, वरई आणि नागली.

नागली म्हणजेच नाचणी. दाणा मोहरीएवढा, रंग तांबूस. तिच्या पिठाला उकळत्या पाण्याची उकड देऊन, ते नीट मळून, हातावर भाकरी थापतात. तव्यावर पडताच ती काळसर दिसू लागते. चुलीच्या आरावर टम्म फुगलेली ती भाकरी आणि तिच्यावर लसणाची चटणी, एवढ्यावर डोंगरातील माणसे दिवसभर भाताच्या चिखलात राबत आली आहेत.

परंतु हीच भाकरी फडक्यात बांधून शाळेत गेली, की तिची अवस्था मोठी चमत्कारिक होते. मधल्या सुट्टीत मुले रिंगण करून बसतात. कोणाच्या डब्यात पांढरीशुभ्र पोळी असते, कोणाच्या हातात दुकानातील रंगीत पुडी असते. एखादा मुलगा मात्र आपला डबा पुरता उघडत नाही. झाकण अर्धवट वर करून त्याच्या आडून तो लहान लहान घास तोडतो. कोणी डोकावून "भाकरी करपली वाटतं?" असे विचारले, की इतर हसतात आणि त्याचा घास घशातच अडकतो. घरी गेल्यावर तो आईला सांगतो, "उद्यापासून मला ही काळी भाकरी नको."

प्रसंग लहान आहे. शाळेची घंटा होते आणि सारे तो विसरूनही जातात. पण त्याचा परिणाम लहान नसतो. ज्या धान्याची लाज वाटू लागते, ते धान्य शिजत नाही. जे शिजत नाही, ते कोणी पेरीत नाही. आणि जे पेरले जात नाही, त्याचे बी दोन-चार वर्षांत उगवण्याची शक्ती गमावून बसते. मग पुढे कोणाला त्याची कितीही आठवण झाली, तरी पैसे मोजूनही ते मिळत नाही. मधल्या सुट्टीतील ते हसू शेवटी शेतापर्यंत जाऊन पोहोचते.

या हसण्याला एक उत्तर अकोले तालुक्यातच मिळाले. कोंभाळणे या आदिवासी गावात राहीबाई सोमा पोपेरे राहतात. त्यांचा जन्म १९६४ सालचा. घरची गरिबी असल्यामुळे त्यांना शाळेची पायरी चढता आली नाही. अक्षरओळख झाली नाही, तरी शेताशी त्यांची ओळख लहानपणीच पक्की झाली. कोणते बी कोणत्या नक्षत्रावर टाकावे, कोणत्या वेलाची शेंग बियाण्यासाठी राखावी, कणसातील कोणता दाणा भरदार, हे ज्ञान त्यांना वडीलधाऱ्यांच्या हाताखाली काम करता करता मिळाले. जुने ते सोने ही म्हण पुष्कळांच्या तोंडी असते. राहीबाईंनी ती हाती धरली.

मध्यंतरीच्या काळात गावोगावचे चित्र पालटले. संकरित बियाणी आली, रासायनिक खते आली, कीटकनाशके आली. त्यांना सरसकट नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. १९६० नंतरच्या दशकात देशात धान्याची मोठी टंचाई होती, परदेशांतून गहू आणावा लागत होता. अशा वेळी अधिक पीक देणाऱ्या नव्या वाणांनी कोट्यवधी लोकांच्या मुखी घास घातला, हे विसरता येत नाही. तथापि नवे आले म्हणून जुने सारेच उकिरड्यावर टाकावयाचे नसते. संकरित पिकाचे बी घरी राखून पुढल्या वर्षी पेरले, तर पीक तसेच्या तसे येत नाही. दर वर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. गावठी वाणाचे तसे नाही. त्याचे मूठभर बी राखले, की पुढल्या वर्षाची सोय झाली. मात्र राखणारे हात हवेत. तेच हात हळूहळू कमी झाले. परसातील वालाचे वेल गेले, दुधी-भोपळ्यांचे मांडव गेले आणि भाजीसाठी घरोघरची माणसे बाजारची वाट धरू लागली.

अशातच राहीबाईंचा नातू आजारी पडला. बाहेरून आणलेली, औषधे फवारलेली भाजी पोटात गेल्यामुळेच हे झाले असावे, असे त्यांच्या मनाने घेतले. आपल्या लहानपणी ताटात असलेल्या भाज्या आता गेल्या कोठे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. उत्तर शोधण्यासाठी त्या पुस्तकांकडे जाऊ शकत नव्हत्या. त्या माणसांकडे गेल्या. कोणाकडे एखाद्या घेवड्याचे बी, कोणाकडे जुन्या भाताची लोंबी, असे जे जे मिळाले, ते त्यांनी आणले, पेरले, वाढविले आणि राखले. बी राखण्याची जुनी रीत त्यांना ठाऊक होती. बी चांगले वाळवावे, राखेत घोळावे, कडुनिंबाचा पाला घालावा आणि मातीच्या मडक्यात किंवा कणगीत बंद करून शेणामातीने लिंपावे. किडीला शिरावयास वाट राहत नाही आणि दाण्यातील जीव सुरक्षित राहतो.

पुण्याजवळ उरुळीकांचन येथे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी स्थापिलेली बायफ ही संस्था ग्रामीण भागात काम करते. तिच्या कार्यकर्त्यांनी राहीबाईंच्या या धडपडीला शास्त्राची जोड दिली. कोंभाळण्यातील साध्या मातीच्या घरात बियाण्यांची बँक उभी राहिली. पैशांच्या बँकेत पैसा ठेवला तर व्याज मिळते. या बँकेत उलटी रीत. येथून शेतकऱ्याने बी न्यावे आणि पीक आले म्हणजे अधिक बी परत करावे. काळभातासारखे जुने भात, वाल आणि घेवड्यांचे नाना प्रकार, नागली, वरई, कडधान्ये, तेलबिया आणि भाजीपाला यांची बियाणी तेथे जमली. भोवतालच्या गावांतील बचतगटांच्या बाया हे बी आपल्या परसांत नेऊ लागल्या. सांडपाण्यावर वाढणारी, घराला बारमाही भाजी देणारी परसबाग पुन्हा अंगणात आली.

नामवंत शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी राहीबाईंचा 'बीजमाता' म्हणून गौरव केला. २०१८ साली बीबीसीने जगातील शंभर प्रभावी स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. त्याच वर्षाचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते ती त्यांनी स्वीकारली. शाळेची पायरी न चढलेली एक बाई राष्ट्रपतिभवनाची पायरी चढली, ती मडक्यात राखलेल्या बियांच्या बळावर.

पण बी मडक्यात राखले म्हणून वाचते, ही अर्धीच गोष्ट झाली. बी खऱ्या अर्थाने वाचते ते चुलीवर. ज्या घरात वालाची उसळ आवडीने खाल्ली जाते, त्या घराच्या परसात वालाचा वेल चढतोच. म्हणून बियाण्यांच्या या कथेचा दुसरा भाग स्वयंपाकघरात घडतो; आणि त्या भागात मुलांचेही हात लागतात.

आधी त्या काळ्या भाकरीचाच न्याय करू. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात कॅल्शियम असते सुमारे १० मिलीग्रॅम, गव्हात सुमारे ४०. आणि नागलीत जवळजवळ ३५०. हाडे आणि दात ज्याने बळकट होतात, ते द्रव्य या हिणवलेल्या दाण्यात तांदळाच्या तीसपटींहून अधिक आहे. मुलांची हाडे वाढण्याचे वय हेच. म्हणजे ज्याने झाकणाआड घास लपविला, त्याच्याच डब्यात मोलाची वस्तू होती. पूर्वेकडील बाजरीही अशीच गुणाची. रक्ताला लागणारे लोह तिच्यात चांगले असते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर साजरे केले. ज्वारी, बाजरी, नागली आणि वरई यांना तेव्हा जगाने मान दिला. पण ज्या चुलींवर ती पिढ्यान्‌पिढ्या शिजली, त्यांना तो कधीच ठाऊक होता.

एकटी भाकरी मात्र पुरी पडत नाही. शरीराची वाढ आणि झीज भरून काढण्याचे काम प्रथिने करतात. ही प्रथिने अनेक लहान घटकांची बनलेली असतात. तृणधान्यांत त्यांपैकी एक घटक कमी पडतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. आणि कडधान्यांत जो उणा असतो, तो तृणधान्यांत सापडतो. भाकरीबरोबर उसळ, भाताबरोबर वरण, अशी जोडी जुळविली म्हणजे एकाचे उणे दुसरे भरून काढते. शास्त्राने हे प्रयोगशाळेत सिद्ध करण्याच्या किती तरी आधी महाराष्ट्राच्या ताटात ही जोडी बसलेली होती.

अहिल्यानगरकडचे शेंगोळे हा या जोडीचाच एक चविष्ट नमुना. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ मिसळावयाचे. त्यात मीठ, तिखट, वाटलेला लसूण आणि जिरे घालून घट्ट मळावयाचे. पिठाच्या लहान लहान गोळ्या हाताने लांबट वळून त्यांची वेटोळी करावयाची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडावयाची. शिजता शिजता रस्सा दाट होतो आणि घरभर वास दरवळतो. थंडीच्या रात्री गरम शेंगोळे ताटात पडले, की दुसऱ्या पक्वान्नाची आठवण होत नाही. वळण्याच्या कामी घरातील मुले सगळ्यांत उत्साही असतात. कोणाचे वेटोळे वाकडे होते, कोणाचे जाड. पण रश्श्यात पडल्यावर सारी सारखीच गोड लागतात.

मोड आणण्याचे काम तर चुलीवाचून होते. सकाळी एक वाटी मटकी किंवा मूग निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालावे. रात्री पाणी काढून ते ओल्या स्वच्छ फडक्यात बांधून ठेवावे. दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडले, की प्रत्येक दाण्यातून पांढरा कोंब डोकावताना दिसतो. कालपर्यंत खड्यासारखा टणक असलेला दाणा रात्रीतून जागा झालेला असतो. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना तयार होते. दाण्यातील जे द्रव्य लोह अडवून धरते, तेही भिजण्याने आणि मोडाने कमी होते. मोड वाफवून त्यांवर कांदा, कोथिंबीर घालावी आणि वर लिंबू पिळावे. लिंबाची ती फोड केवळ चवीची नव्हे. तिच्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणाबरोबर घेऊ नये. तो या लोहाच्या वाटेत आडवा येतो.

दुपारी शाळेतून परतलेल्या मुलाला काही तरी खावेसे वाटते. त्यासाठी दुकानातीलच पुडी हवी असे नाही. शेंगदाण्यांत जवळजवळ पाव भाग प्रथिने असतात. एक वाटी शेंगदाणे आणि अर्धी वाटी तीळ मंद आचेवर खरपूस भाजावेत. निवल्यावर शेंगदाण्यांची साले पाखडून टाकावीत. उखळात शेंगदाणे आणि तीळ कुटीत अर्धी-पाऊण वाटी चिरलेला गूळ त्यांत मिसळावा. थोड्या वेळाने दाण्यांचेच तेल सुटते आणि मुठीत घेतले की लाडू वळतो. त्यास तूप लागत नाही, पाक लागत नाही. असा एक लाडू खिशात घेऊन मुलगा खेळावयास गेला, तर सूर्य मावळेपर्यंत त्याला भुकेची आठवण होत नाही. हिवाळ्यात ज्वारीचा कोवळा हुरडा, ओला हरभरा, बोरे आणि चिंचा. पावसाळ्यात भाजलेले मक्याचे कणीस. उन्हाळ्यात नागलीची अंबील. प्रत्येक ऋतूचा खाऊ त्या ऋतूनेच ठरवून दिलेला आहे. अंबिलीसाठी दोन चमचे नागलीचे पीठ पाण्यात कालवून रात्रभर ठेवावयाचे, सकाळी ढवळीत शिजवावयाचे, आणि मीठ, जिरे व ठेचलेला लसूण घालून कोमट प्यावयाचे. उन्हातून आलेल्या माणसाला ती तत्काळ हुशारी देते.

पहिल्या पावसानंतर डोंगराच्या उतारांवर टाकळा, कुरडू अशा रानभाज्या उगवतात. त्या विकत आणाव्या लागत नाहीत; फक्त ओळखाव्या लागतात. पण ही ओळख चित्रावरून करावयाची नसते. हिरवे सारेच खाण्याजोगे नसते. काही पाने अपाय करतात. म्हणून जाणत्या आजीबरोबर रानात जावे, तिने खुडले ते खुडावे आणि तिने वगळले ते वगळावे. अक्षरे न वाचणारी कित्येक आजी-आजोबांची पिढी रान मात्र पानापानाने वाचू शकते. ती पिढी हळूहळू मावळते आहे; तिच्याकडून धडा घ्यावयाचा तर तो आजच घेतला पाहिजे.

वनस्पतींपासून शरीराला पुष्कळ काही मिळते. सर्व काही मात्र मिळत नाही. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत वा पालेभाजीत नसते. ते दूध, दही, ताक, अंडी अशा पदार्थांतून येते. जे या गोष्टी मुळीच घेत नाहीत, त्यांनी त्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे. आपल्या अन्नाचा अभिमान असावा, पण त्याचे उणेही ठाऊक असावे. डोळस अभिमानच टिकतो.

हे सारे करावयास मोठे धन लागते असे नाही. परसातील चार हात जागा, भिजत घातलेली वाटीभर मटकी, आजीच्या मडक्यातील मूठभर बी, आणि रोजच्या ताटात एखादे वेगळे धान्य, एवढ्यावर सुरुवात होते. एकाच धान्यावर आणि एकाच भाजीवर राहणारे ताट कितीही महाग असले, तरी दुबळे असते. नागली, बाजरी, हुलगा, वाल, तीळ आणि पालेभाजी पाळीपाळीने येणारे ताट गरिबाचे असले, तरी सधन असते. आणि असे ताट रोज वाढले जाते, तोवर शेतात नाना प्रकारची पिके उभी राहतात. मग जुने वाण वाचविण्यासाठी वेगळी हाकाटी करावी लागत नाही.

मधल्या सुट्टीची घंटा आजही होते. मुले आजही रिंगण करून बसतात. त्या रिंगणात कोणी तरी अर्धवट उघडलेल्या झाकणाआड काळसर भाकरीचा घास तोडीत असेल. त्याच्या शेजारच्या मुलाने त्या वेळी हसू नये. आपला हात पुढे करावा आणि म्हणावे, "मलाही एक तुकडा दे."

तेवढ्याने झाकण पुरते उघडेल. आणि पुढल्या मृगात, कोण जाणे, डोंगराच्या एखाद्या पडीक उतारावर मूठभर नागली पुन्हा पेरली जाईल.